ओळखीतून आलेला आकडा

सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकाने लोकांपासून चार हात लांब राहावे, म्हणजे त्याचे आकडे निर्मळ राहतात, अशी आमच्या क्षेत्रात एक समजूत आहे. प्रश्नावली घेऊन जावे, भरून आणावी आणि निघावे. ओळख वाढली की नजर बिघडते, असे मानले जाते. सोलापूर जिल्ह्यात हे काम करताना माझे मत याच्या उलट होत गेले. गावाशी असलेला संबंध हेच इथे मोजमापाचे मुख्य साधन आहे; ते बोथट असेल तर पुढचे सगळे संख्याशास्त्र वाया जाते. या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आमच्याच जिल्ह्यात, बार्शीत आहे.

शहरातली कर्करोग नोंदणी बहुतांशी कागदांवर चालते. पेशंटची फाइल, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, महापालिकेचा मृत्यूचा दाखला ताडून पाहिला की बरेचसे रुग्ण सापडतात. खेड्यात यातले काहीच धड हाती लागत नसे. घरीच दगावलेल्या बाईच्या नावापुढे मृत्यूचे कारण मोघम लिहिलेले असायचे, आणि जिचे निदानच झाले नाही ती कुठल्याही फाइलीत नसायची. अशा वेळी, १९८७ मध्ये, बार्शी तालुका आणि शेजारचे परांडा व भूम हे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले तालुके मिळून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरत, जाणत्या माणसांना भेटत, लक्षणे समजावून सांगत आणि शंका वाटेल त्या रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात पाठवत. मोजणी आणि आरोग्यशिक्षण एकाच फेरीत होई. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आता आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येत आहेत, असे त्यात दिसले.

ओळख नेमकी कुठे उपयोगी पडते, हे एका नोंदीपुरते पाहू. वयाच्या रकान्यात साठीच्या बाईने ‘असेल पन्नास’ म्हटले, तर अनोळखी माणूस पन्नास लिहून मोकळा होतो. ओळखीची कार्यकर्ती विचारते, ‘मावशी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? लग्न झालं होतं का?’ आणि वय दहा वर्षांनी पुढे सरकते. हीच बाई आजारपणात माहेरी गेली आणि तिकडच्या दवाखान्यात माहेरच्या नावाने केसपेपर निघाला, तर एका रुग्णाचे दोन होतात किंवा ती दोन्हीकडून सुटते. ‘पाळी गेल्यावर अंगावरून जातं का,’ या प्रश्नाला सासू शेजारी बसलेली असताना ‘नाही’ हेच उत्तर मिळते. सासूला चहा टाकायला कधी पाठवायचे, हे नवख्या माणसाला कळत नाही. परांडा-भूमकडची कित्येक घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्या दिवसांत पाहणी करणाऱ्याला दाराला कुलूप दिसते आणि तो ‘आढळले नाहीत’ असा शेरा मारतो. यातली प्रत्येक चूक आकड्यात शिरते आणि तिथून कोणत्याही संगणकाला ती काढता येत नाही.

यावर गंभीर आक्षेप असा, की जवळीक असली की संशोधकाला हवे तेच दिसू लागते. धोका खराच आहे, पण तो आवरायला शास्त्राकडे साधने आहेत, आणि ती याच भागात वापरली गेली. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ ग्रामसमूहांची यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तीन गटांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एकेक वेगळी तपासणी देऊ केली: एचपीव्ही या विषाणूची चाचणी, पॅप स्मिअर, आणि व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळत राहिली. तपासणीचे बोलावणे आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया आल्या, हे वर्षानुवर्षांच्या ओळखीशिवाय घडणे मला अवघड वाटते. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या गटात ६४. बाकीच्या दोन तपासण्यांनी मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. जिव्हाळ्याने आकडे फुगले असते, तर तिन्ही तपासण्या सारख्याच यशस्वी ठरल्या असत्या. ओळखीने माणसे तपासणीपर्यंत आली, निकाल मात्र चाचणीच्या गुणावरच लागला.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ओळखीच्या माणसाने सांगितल्यावर बाई ‘नको’ म्हणू शकते का? आणि ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्याचे काय? भारतातल्या अशा चाचण्यांवर याच मुद्द्यावरून जाहीर टीका झाली. त्या काळी इथे नेहमीची सेवा म्हणजे जवळपास तपासणी नसणेच होते, हे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्याने समाधान होत नाही. माझ्या मते संबंधाने संशोधकाचे देणे वाढते. परका माणूस आकडे घेऊन निघून जाऊ शकतो. ज्याला पुढच्या महिन्यात त्याच पारावर बसायचे आहे, त्याला निकाल काय लागला आणि आता आमच्या गावाला काय मिळणार, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. नकाराचा मानही तोच जास्त राखतो, कारण जबरदस्तीची किंमत त्याला पुढच्या फेरीत मोजावी लागते. संबंध असला म्हणजे नीती आपोआप येते असे नाही. पण जाब विचारायला समोर माणूस तरी असतो.

म्हणून या व्यवसायातली कारकीर्द कशी मोजावी, हा प्रश्न उरतो. जयंत आणि नेने ही दोन्ही नावे १९९५ च्या निबंधावर आहेत आणि २००९ च्याही. एका भागाला इतकी वर्षे देणे आजच्या तीन वर्षांच्या प्रकल्पांत आणि निबंधांच्या मोजणीत बसत नाही. प्रकल्प संपला की कंत्राटी कार्यकर्ती घरी जाते आणि गावाची सगळी माहिती तिच्याबरोबर जाते. त्याचा परिणाम दिसतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले, त्यामागच्या पुराव्यात या खेड्यांचा मोठा वाटा आहे. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झाली होती. चाचणी हाती आहे. ती बाईपर्यंत नेणारी ओळखीची माणसे नोकरीत टिकलेली नाहीत. यंत्रांच्या खरेदीआधी अंदाजपत्रकात त्यांच्या कायम पदांची तरतूद झाली, तर बार्शीचा धडा शिकलो असे म्हणता येईल.