तोंडाला सुटलेले पाणी

लाळ हा विषय ललित लेखनाला शोभणारा नव्हे, असे आमच्या काही स्नेह्यांचे मत आहे. डोहाळ्यांवर लिहा, फुलांच्या वाडीवर लिहा, असे ते सुचवितात. पण डोहाळे ज्या मुखात जागे होतात त्या मुखाची गोष्ट काढली की नाक मुरडतात. चरकाचार्यांना असा संकोच नव्हता. शारीरस्थानात गर्भिणीची लक्षणे सांगताना तोंडाला पाणी सुटणे आणि आंबटाची वासना या दोहोंची त्यांनी नोंद केली आहे. कालिदासानेही रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध दिला आणि राजा दिलीपाला त्या गंधाने मोहून टाकले.

आम्ही कलकत्त्यात राहणारी मराठी माणसे. येथे आमचे डोहाळजेवण आणि बंगाली शेजाऱ्यांचा ‘साध’ यांची नित्य तुलना होते. साध म्हणजे इच्छा. त्यांच्या ताटात तळणाचे पाच प्रकार, माशाचे डोके आणि पायेश. आमच्याकडे हिरवी साडी आणि वाट्यांखाली झाकलेले पेढा-बर्फीचे भविष्य. आंबटाच्या बाबतीत मात्र दोन्ही कुळांचे एकमत आहे. त्यांचा चालता, आमची कैरी, आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला फुचकावाला, ज्याचे चिंचेचे पाणी कोणत्याही कुळाचारात बसते!

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. सारी करामत उरलेल्या अंशाची. अमायलेज पिष्ट फोडते, म्युसिन तोंडाला बुळबुळीत अस्तर लावते, लायसोझाइम व लॅक्टोफेरिन जंतूंना आवर घालतात आणि स्टॅथेरिन नावाचे इवलेसे प्रथिन लाळेतले कॅल्शियम दातांच्या उपयोगी पडेल असे विरघळलेले राखते. गर्भारपणी संप्रेरकांना भरती येते आणि हे मिश्रण पालटते. रक्तातले एस्ट्रिऑल तर लाळेत इतके उतरते की सुई न टोचता नळीभर थुंकीवरून ते मोजता येते. प्रथिनांचे आकडे बाईगणिक निराळे पडतात. परंतु आम्ल शमविण्याची लाळेची शक्ती दिवस भरत येतात तसतशी ओसरते आणि बाळंतपणानंतर पुन्हा भरून येते. म्हणजे ज्या काळात उलट्या आणि चिंच यांचा मारा असतो, नेमक्या त्याच काळात पहारेकरी दुबळा होतो.

घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका याचा अर्थ वेगळा लावतात. पोर आईच्या दातांतला चुना ओढून घेते, तेव्हा दात जायचेच, असे त्या म्हणतात. पोर कॅल्शियम घेते हे खरे, पण ते अन्नातून आणि हाडांतून. तयार दातातून नव्हे. आमच्या भाचीला सहाव्या महिन्यात दाढ ठणकू लागली. एका दवाखान्याने, त्याचे नाव कशाला घ्या, ‘प्रसूतीनंतर या’ म्हणून तिला परत पाठविले. घरच्यांनीही माना डोलावल्या. तीन आठवडे ती एका बाजूने दूधभात चावत होती आणि रात्री गाल धरून बसत होती. अखेर दुसऱ्या दंतवैद्याने जागा बधिर करून एका बैठकीत काम उरकले. वास्तविक मधले तीन महिने अशा उपचारांना सोयीचे असतात, आणि दुखणे असह्य झाले तर कोणत्याही महिन्यात थांबण्याचे कारण नसते.

हे घडले ते कोणत्या शहरात? जेथे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले आणि १९४९ साली ते सरकारच्या स्वाधीन केले, त्या शहरात! महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने चालते. विद्या शंभर वर्षांपूर्वी आली. माजघरापर्यंत पोहोचायला तिला अजून ट्राम मिळालेली दिसत नाही.

उपाय मोठे नाहीत. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ पडलेला थर खरवडला जातो. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि तासाभराने ब्रश हाती घ्यावा. शेजारी येत्या महिन्यात सुनेचा साध आहे. आम्ही काकीमांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि विचारले, “फुचका खाल्ल्यावरही ही चूळ चालेल ना?”

चालेल, असे आम्ही सांगितले.