जामीन

माझी भाची स्कॉटलंडमधील एका विद्यापीठात शिकते. काय शिकते, असे कुणी विचारले की माझी पंचाईत होते. डॉक्टरकी, वकिली, इंजिनिअरिंग ही उत्तरे एका शब्दात देता येतात आणि विचारणाराही समाधानाने मान डोलावतो. भाचीच्या अभ्यासक्रमाचे नाव मात्र जुन्या संस्थानिकाच्या नावासारखे लांबलचक आहे : 'वित्तसेवांसाठी डिजिटल व डेटा धोरण'. सुरुवातीला मी ते कागदावर लिहून खिशात बाळगीत असे. आमच्या वाचनालयातील एका वृद्ध सभासदांना तो कागद वाचून दाखवला, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "म्हणजे एवढं करून पोरगी बँकेतच चिकटणार ना?"

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? मी स्वतः मॅट्रिक. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी पदरात पाडून घेतली आणि शाळेत लागलो. फावल्या वेळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. ज्याला स्वतःच्या पासबुकातील शेवटची ओळ सोडून बाकीच्या ओळी वाचण्याचा कंटाळा, त्याने बँकांच्या धोरणावर काय बोलावे?

पण या विषयाने आमच्या घरात पाऊल टाकले ते भाची परदेशी जाण्याच्याही आधी, आणि तेही माझ्याच नावाने.

झाले ते असे. तिला प्रवेश मिळाला. ब्रिटनमध्ये ही पदव्युत्तर पदवी एका वर्षात पुरी होते; त्यामुळे वेळ वाचतो खरा, पण पैसा एकदम उभा करावा लागतो. तिचे वडील ती आठ वर्षांची असतानाच गेले. शैक्षणिक कर्जाला घरातला कुणी सहकर्जदार लागतो. मामा धडधाकट असताना दुसरे नाव कुणाच्या मनात येणार? इस्त्रीचा सदरा घालून मी तिच्याबरोबर बँकेत गेलो. टेबलामागे बसलेला अधिकारी वयाने माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याएवढा असेल. त्याने माझ्या पॅनकार्डावरचा क्रमांक संगणकात घातला, पडद्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "सर, तुमचा सिबिल कमी आहे."

एखाद्या घरंदाज माणसाला डॉक्टरने हळूच काहीतरी भलताच रोग सांगावा, तसा तो स्वर होता.

कर्जफेडीची माहिती जमवणारी सिबिल ही संस्था आपल्याकडे २००० साली निघाली. आज असे काम करणाऱ्या चार कंपन्या आहेत. पण डालड्याप्रमाणे सिबिल हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. आपण घेतलेले कर्ज, भरलेला हप्ता, झालेला उशीर या साऱ्यांची नोंद तिथे होते आणि तिच्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान कुठेतरी आपले गुण ठरतात. तीनशेखाली कुणाला उतरवीत नाहीत. शून्य न देण्याची ही उदारता आम्हा शिक्षकांना कधी साधली नाही.

मला गुण कमी पडले याचे दुःख नव्हते. मॅट्रिकलाही ते कमीच पडले होते. पण मी आयुष्यात एकदाच स्कूटरसाठी कर्ज काढले आणि ते वेळेवर फेडले. मग हे आले कुठून? २०१७ पासून या कंपन्यांना वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. भाचीने तो तिथल्या तिथे मोबाइलवर मागवला आणि माझ्यापुढे धरला. सहा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एका सहकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला होता. भिडेखातर मी जामीन म्हणून सही केली आणि विसरून गेलो. पुढे त्याच्या बायकोचे दुखणे निघाले, हप्ते थकले आणि तो शाळा सोडून दुसऱ्या गावी गेला. ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात दिसते. ते सहा वर्षे तिथे मुक्कामाला होते आणि मला पत्ताही नव्हता.

"मामा, तुम्ही स्वतःचा एकही हप्ता चुकवलेला नाही," भाची म्हणाली. "पण तक्त्यात 'का' याचा रकानाच नसतो."

मी कादंबऱ्या लिहितो. आमचा सगळा संसार त्या एका रकान्यावर चालतो. नवरा घर सोडून गेला, ही झाली बातमी. का गेला, हे सांगायला तीनशे पाने लागतात. म्हणून बँकेच्या पायऱ्या उतरताना त्या यंत्राविषयी मला थोडी तुच्छताच वाटली. ती फार दिवस टिकली नाही.

कर्ज अखेर मिळाले, ते अक्कामुळे. भाचीची आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने कधी कुठल्या बँकेचे कर्ज घेतले नव्हते. त्यामुळे सिबिलच्या वहीत ती जन्मालाच आली नव्हती. माझे गुण कमी आणि तिला गुणच नाहीत! पण ती घरी मसाले करून विकते. तीन-चार वर्षांपूर्वी लेकीने तिच्या मसाल्याच्या डब्यांपुढे यूपीआयची ती चौकोनी नक्षी लावून दिली होती. २०१६ साली ही सोय आली तेव्हा अक्का म्हणाली होती, पैसे हातात पडल्याशिवाय मला विकल्यासारखं वाटत नाही. आता तिच्या खात्यात ओळींमागून ओळी उभ्या होत्या : चाळीस रुपये, दीडशे रुपये, सत्तर रुपये. उन्हाळ्यात मोठ्या रकमा आणि आषाढात लहान. बँकेने घर तारण घेतले हे खरे, पण घराच्या कागदांआधी त्या मुलाने हे खाते पाहिले आणि म्हणाला, "मावशी, तुमचा धंदा चांगला आहे की!"

अक्का काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून घेतले. मला मात्र तिथे बसवेना. का, ते पुढे सांगतो.

भाची गेली. दर रविवारी तिचा फोन येतो आणि आठवड्यात काय शिकवले ते ती मला सांगते. सांगितल्याने तिचा अभ्यास पक्का होतो, असे ती म्हणते. माझी समजूत अशी, की मामाला एकटे वाटू नये म्हणून ती हे करते. बँकेने कोणती माहिती ठेवावी, कशासाठी ठेवावी, किती दिवस ठेवावी, असे प्रश्न तिथे असतात. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून नऊ मोठ्या बँकांना एक गोष्ट बंधनकारक झाली : गिऱ्हाईकाने संमती दिली, तर त्याच्या खात्याची माहिती त्याने सांगितलेल्या दुसऱ्या संस्थेला पुरवायची. आपल्याकडेही सप्टेंबर २०२१ मध्ये अशीच संमतीवर चालणारी व्यवस्था सुरू झाली. अक्काच्या चाळीस रुपयांच्या ओळी बँकेच्या नव्हेत, अक्काच्या. त्या कुणाला दाखवायच्या हे तिने ठरवायचे, असा त्यातला विचार. पटण्यासारखा आहे.

एका रविवारी ती म्हणाली, "मामा, आज तुमच्या आवडीचं. जुनं." आणि तिने मला स्कॉटलंडच्या बँकांची गोष्ट सांगितली. १७२८ साली एडिंबरोच्या रॉयल बँकेने एका व्यापाऱ्याला खात्यात नसलेले एक हजार पौंड वेळोवेळी उचलण्याची मुभा दिली. आजच्या कॅश क्रेडिटचा हा आरंभ. पुढे ही पद्धत तिथे रुजली, आणि ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. अट एकच : पत असलेले, जमीनजुमला असलेले दोन जामीन हवेत. मग १८१० साली रथवेल नावाच्या खेड्यात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने गरिबांसाठी बचत बँक काढली. सहा पेन्सदेखील ठेवता येत. पण नवा ठेवीदार आला की त्याचे वय, घरची परिस्थिती आणि चालचलणूक यांची चौकशी होई.

"म्हणजे डेटा तेव्हाही होता," ती हसून म्हणाली. "फक्त तो माणसांच्या डोक्यात होता."

दोन जामीन हे शब्द ऐकले आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची एक दुपार डोळ्यांपुढे आली. मेहुणे जाऊन वर्ष झाले होते. अक्काला मिरची कांडपाचे यंत्र घ्यायचे होते. आम्ही दोघे गावातल्या एका पतसंस्थेत गेलो. तिथे संगणक नव्हता, सेक्रेटरी होते. ते आमच्या तीन पिढ्यांना ओळखत होते. माणसाचे तोंड पाहून कर्ज देतो, असे ते अभिमानाने सांगत. त्यांनी अक्काचे तोंड पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहून विचारले, "घरात पुरुषमाणूस कोण? जामीन कोण राहणार?"

त्या वेळी मी शाळेत कायम झालो होतो. मी जामीन राहतो, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी ते म्हटले नाहीत. माझे नुकतेच लग्न झाले होते, घरी काय म्हणतील अशी धास्ती वाटली, उद्या हप्ते थकले तर काय, असा हिशेब मनात झाला. सेक्रेटरी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी अर्ज मिटून परत दिला. वाटेत अक्का म्हणाली, "जाऊ दे. खलबत्ता आहे की." त्या खलबत्त्यावर तिने सहा वर्षे काढली. भिशीचा एक हप्ता तिने कधी चुकवला नाही. पण ती भिशी कुठल्याच वहीत नव्हती.

बहिणीसाठी जी सही केली नाही, ती पुढे चहाच्या कपावर एका सहकाऱ्यासाठी केली. माझ्या अहवालात दुसरी नोंद आहे. पहिली कुणाकडेच नाही.

त्या दिवसापासून यंत्राविषयीची माझी तुच्छता गेली. तक्त्यात 'का' नसतो हे खरे. पण सेक्रेटरींनी तरी कुठे 'का' विचारले होते? तोंड पाहून कर्ज देण्याच्या त्या जमान्याविषयी आपण हळवे होऊन बोलतो, तेव्हा ज्यांच्या तोंडाकडे कुणी पाहिलेच नाही त्यांची मोजदाद करीत नाही. भाचीने मला याचीच पुढची पायरी सांगितली. यंत्राला शिकवायचे ते जुन्या नोंदींवरून. ज्यांना कर्जच दिले गेले नाही, त्यांनी ते फेडल्याची नोंद असणार कुठून? म्हणजे सेक्रेटरींच्या वह्या यंत्राला पढवल्या, की यंत्रही सेक्रेटरीच होते. फरक एवढाच, की ते चष्मा लावीत नाही आणि जेवायच्या सुटीत उठत नाही. ही चूक कुठे शिरते, ते शोधणे हा तिच्या अभ्यासाचा एक भाग आहे. वाचनालयातल्या त्या वृद्ध गृहस्थांना आता हे सांगायला हवे.

जर्मनीत शुफा नावाची आपल्या सिबिलसारखी संस्था आहे. तिने दिलेल्या गुणांमुळे कर्ज नाकारले गेलेल्या एका व्यक्तीने विचारले, हे गुण कसे काढले? संस्थेने गुण सांगितले, ढोबळ रीत सांगितली. बाकीचे धंद्याचे गुपित म्हणून झाकून ठेवले. खटला युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. ७ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला : बँक जर मुख्यतः या गुणांवरच विसंबून होकार-नकार देत असेल, तर गुण काढणे हाच यंत्राने केलेला निर्णय होय, आणि त्याला २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याची बंधने लागतात. एका माणसाने 'का' विचारले, म्हणून न्यायाधीशांना तो रकाना आखावा लागला.

भाचीने प्रबंधासाठी हाच विषय घेतला आहे : कर्ज नाकारल्यावर माणसाला काय सांगावे. उन्हाळ्यात तिने मला एक काम दिले. "मामा, नकाराचं एक पत्र लिहून द्या. मराठीत. आईला कळेल असं. यंत्राने काय पाहिलं, काय पाहिलं नाही, आणि आता काय करता येईल, एवढं त्यात हवं. मी लिहिलं की ते परिपत्रक होतं."

मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. तीन संध्याकाळी गेल्या. 'आपला अर्ज विचारात घेता येत नाही' हे वाक्य लिहिणे सोपे आहे. त्यात कुणीच कुणाला काही सांगत नाही. 'तुमच्यावर आमचा अविश्वास नाही, पण तुम्ही पैसे फेडता याचा कागद आमच्याजवळ नाही' या वाक्यापर्यंत यायला मला कागदामागून कागद फाडावे लागले. त्याखाली लिहिले, 'भिशीच्या हप्त्यांची नोंद तिथल्या बायकांच्या सहीने आणली, तर आम्ही पुन्हा बसून विचार करू.' चौथ्या दिवशी पत्र घेऊन मी अक्काकडे गेलो आणि परीक्षा म्हणून तिला वाचून दाखवले. ती धणे निवडत होती. हात न थांबवता तिने सगळे ऐकले.

"कळलं?" मी विचारले.

"कळलं की," ती म्हणाली. "त्या दिवशी एवढं कुणी सांगितलं असतं, तर भिशीची वही घेऊन दुसऱ्या दिवशी गेले असते."

मी म्हटले, "अक्का, त्या दिवशी मी जामीन राहायला हवं होतं."

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग माझ्याकडे पाहून विचारले, "का नाही राहिलास?"

सोळा वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारले होते. मी सांगायला बसलो. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली.