आरसे काढलेली गाडी

मोटारसायकलचे आरसे स्वतःच्या हातानं काढून ठेवणारा मास्तर तुम्ही कधी पाहिलाय का? आमच्या शाळेतल्या पोरांनी पाहिला. 2024 सालच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली, घरी येऊन जेवलो आणि अंगणात गाडी उभी करून पाना घेऊन बसलो. पाच मिनिटांत चौथीचा अर्धा वर्ग भोवती जमला.

"सर, गाडी विकायची काय?"

"नाही रे. ट्रॅकवर न्यायचीय."

"मग आरसे कशाला काढताय? मागचं कसं दिसणार?"

"तिथं मागचं बघायचंच नसतं."

उत्तर कुणालाच पटलं नाही. तुम्हालाही पटलं नसेल. तेव्हा आधी ट्रॅक म्हणजे काय ते सांगतो.

तमिळनाडूत कोईमतूरजवळ 'कारी मोटर स्पीडवे' नावाचा 2.1 किलोमीटरचा वळणावळणाचा डांबरी ट्रॅक आहे. 2003 साली तो सुरू झाला. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. मारुतीच्या छोट्या मोटारीचं इंजिन वापरून शर्यतीच्या गाड्या बनवणारा हा माणूस 1995 साली विमान अपघातात गेला. अशा ट्रॅकवर शर्यती होतात, तसंच काही दिवस तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांसाठीही ठेवलेले असतात. फी भरायची, आपली गाडी न्यायची, पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये चालवायची आणि शिकायचं. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात. समोरून एस.टी. येत नाही, मध्येच म्हैस येत नाही. पुढच्यानं आपली रेषा धरून जायचं आणि ओलांडून जाणाऱ्यानं सांभाळून जायचं, असा तिथला रिवाज. म्हणून आरसा लागत नाही. उलट गाडी पडली तर त्याच्या काचा ट्रॅकभर होतात. (रस्त्यावर मात्र आरसे काढायचे नाहीत हं! तिथं तो गुन्हा आहे, आणि शुद्ध वेडेपणाही.)

माझी गाडी म्हणजे जुनी, दुसऱ्या हातची यामाहा आर-15. दीडशे सी.सी.ची. मला वाटलं होतं, तयारी म्हणजे गाडी जोरात पळावी म्हणून काहीतरी करायचं. सायलेन्सर बदलायचा, इंजिन खोलायचं, असलं काहीतरी. आमच्या गावातल्या मिस्त्रींना तसं विचारलं, तर ते पक्कड खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, पळायचं ती बघून घेईल की! तुम्ही ती थांबती का नाही ते बघा. आणि तिच्यातनं खाली काय सांडत नाही एवढं बघा."

थांबण्यापासून सुरुवात केली. ब्रेकच्या डबीतलं ऑइल नवं असताना फिकट पिवळं असतं. माझ्या डबीतलं कोऱ्या चहासारखं झालं होतं. हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-4 जातीचं नवं ऑइल 230 अंशांच्या आत उकळता कामा नये असा नियम आहे. पण ते पाणी प्यालं की हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. ट्रॅकवर दर मिनिटाला ब्रेक जोरात दाबावे लागतात आणि चकती भयंकर तापते. त्यात ऑइल उकळलं तर बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात आणि ब्रेक दाबलाच जात नाही! पिचकारीत पाण्याऐवजी हवा राहिली तर कसं होतं, तसं. मिस्त्रींनी सगळं जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, आणि ब्रेकचे पॅड झिजले होते तेही बदलले.

मग टायर. झीज नव्हती, रबराला भेगा नव्हत्या. प्रश्न हवेचा होता. सकाळी 25 अंशांच्या गारव्यात मागच्या टायरात 28 चा दाब भरला आणि पळून पळून टायर 60 अंशांपर्यंत तापला, तर तोच दाब 33 च्या आसपास जातो. टायर टणक फुगतो आणि जमिनीला कमी चिकटतो. म्हणून ट्रॅकवर हवा थोडी कमी ठेवून सुरुवात करतात आणि दर फेरीनंतर मोजतात. त्यासाठी हवा मोजायचं छोटं घड्याळ विकत घेतलं. पुढे दोन दिवस पोरांनी शाळेतल्या प्रत्येक सायकलची हवा मोजली, आणि मोजता मोजता निम्म्यांची घालवली.

चेन साफ केली, तेल दिलं, ताण जमवला. नंबर प्लेट उतरवली. दिव्यांवर आणि इंडिकेटरवर पोरांनी टेप चिकटवला, फुटले तरी तुकडे टेपलाच राहावेत म्हणून. वेगाच्या काट्यावरही टेप. काटा बघत बसलं की वळण चुकतं.

आता 'सांडण्या'चं. इंजिन गार ठेवायला या गाडीत कूलंट असतं, ते हिरवट पाणी. ते ट्रॅकवर सांडलं तर साबणासारखं निसरडं होतं आणि लवकर वाळतही नाही. म्हणून ते काढून साधं पाणी भरलं. राहिलं इंजिन ऑइल. ते जवळजवळ एक लिटर, आणि नेमकं मागच्या चाकाच्या पुढं असतं. त्याच्या खालचा नट धक्क्यानं सैल होऊ नये म्हणून नटाच्या डोक्याला बारीक भोक पाडतात, त्यातून तार ओवतात आणि ती पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधतात. तार नटाला सतत आवळायच्या दिशेनं ओढत राहिली पाहिजे. मिस्त्रींनी नट शिकंज्यात धरून भोक पाडलं आणि तार कशी बांधायची तेही दाखवलं. "जमंल न्हवं?" म्हणाले. मी म्हटलं, "त्यात काय एवढं!"

25 तारखेला दिवसभर शाळेत झेंडावंदनाची तयारी चालली होती. पताका, रांगोळी, कवायत. घरी यायला नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं, आणि ऑइल बदलायचं तर तसंच राहिलं होतं. अंधारात बॅटरी तोंडात धरून गाडीखाली आडवा झालो. नटाखाली घालायचा नवा वॉशर आणून ठेवला होता, पण तो कुठल्या शर्टाच्या खिशात होता कोण जाणे. जुनाच घातला. तार बांधली, पीळ दिला. दिसायला तर फार झकास दिसत होती!

झेंडावंदन करून, शनिवार-सोमवारची किरकोळ रजा टाकून आम्ही तिघं मित्र तीन गाड्या पिकअपमध्ये बांधून निघालो. कोल्हापूर ते कोईमतूर हजार किलोमीटरला थोडं कमी. तो प्रवास सांगत बसत नाही. कणा मोडला, एवढंच.

रविवारी सकाळी ट्रॅकवर तपासणीची रांग लागली. तपासणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांना हिंदी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती. त्यांनी ब्रेक दाबून पाहिले, चाकं हलवून पाहिली, टेप पाहून मान डोलावली. माझी छाती फुगली. मग ते गुडघ्यावर बसले आणि इंजिनाखाली हात घातला. हात बाहेर काढला, तेव्हा बोटाच्या टोकावर ऑइलचा एक थेंब होता.

तो थेंब त्यांनी मला दाखवला. मग मला खाली बसायला लावून तारेवर बोट ठेवलं आणि तार नटाला कुठल्या बाजूला ओढतेय ते बोटानंच गोल फिरवून दाखवलं. सैल व्हायच्या बाजूला! मिस्त्रींनी शिकवलं तेव्हा तारेचं दुसरं टोक उजवीकडे होतं. गाडीखाली बोल्ट डावीकडे होता, आणि मी डोकं न चालवता हातांना पाठ होतं तसंच केलं होतं. तारच नसती तर एक वेळ बरं, अशी गत.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते काहीच बोलले नाहीत. फक्त माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडं त्यांनी एकदा हात केला. मी वळून पाहिलं. एक कॉलेजातला मुलगा हेल्मेटची काच पुसत होता. त्याच्या मागं एक ताई होत्या. त्यांचा नवरा आणि लहान मुलगी कठड्यापाशी उभे राहून त्यांना हात करत होते. माझ्या गाडीतलं ऑइल सांडलं असतं, तर पुढच्या वळणावर यांची चाकं त्यावरून जाणार होती. शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदाला 28 मीटर जाते. डांबरावर तेल पडलंय हे दिसेपर्यंत ती त्याच्यावर पोचलेली असते.

गाडी रांगेबाहेर काढली तेव्हा कान तापले होते. मुलांची वही तपासताना मी 'घाईत केलेले दिसते' असा शेरा मारतो ना, तो आठवला.

नवा वॉशर मागायचा कुणाला? तर त्या हेल्मेट पुसणाऱ्या मुलानंच आपल्या डब्यातून काढून दिला. ऑइल एका भांड्यात काढलं, वॉशर बदलला, नट पान्यानं आवळला. तार बांधायच्या आधी नट कुठल्या बाजूला आवळला जातो ते दोनदा हातानं फिरवून पाहिलं. ऑइल परत भरून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं आणि खाली पांढरा कागद पसरला. कागद कोरा राहिला. पुन्हा रांगेत गेलो. त्या गृहस्थांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून तपासलं, अगदी ब्रेकसुद्धा, आणि मग टाकीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली.

या सगळ्यात माझी पहिली फेरी गेली. बाकीच्या मिळाल्या. माझा वेग काही सांगण्यासारखा नव्हता. त्या ताई मला तीनदा ओलांडून गेल्या, आणि तिसऱ्यांदा तर इतक्या अलगद, की मला नुसता आवाज आला. पण वळणावर गाडी कलली की जमीन जवळ येते ना, तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो झोपाळ्यावरच्या गोळ्यासारखाच असतो. दर फेरीनंतर मी आधी हेल्मेट काढायचो, मग वाकून इंजिनाखाली बोट फिरवायचो.

मंगळवारी शाळा सुटल्यावर पोरं अंगणात हजर.

"सर, कितवा नंबर आला?"

"नंबर नसतो म्हणून सांगितलं होतं ना."

"मग पडला काय?"

"नाही."

दोघं-तिघं जरा हिरमुसले. मग सगळ्यांनी मिळून गाडी पुन्हा रस्त्याची केली. पाणी काढून कूलंट भरलं, नाहीतर आतून गंज चढतो. नंबर प्लेट लावली. आरसे बसवले. एकानं त्यात बघून केस सारखे केले. टेप मात्र उन्हानं असा घट्ट बसला होता की रॉकेलचा बोळा फिरवून फिरवून हात दुखले. पुढच्या दिव्यावर त्या डिंकाचा एक पट्टा अजून आहे. रात्री गाडी चालवली की उजेडात तेवढी एक रेघ दिसते.