आहेराची वही
परवा आलेल्या लग्नपत्रिकेच्या तळाशी पुन्हा तीच ओळ: ‘कृपया आहेर आणू नये.’ ओळ सौजन्याची, तरी मला खुपते. ज्याला आपला आहेर नको, त्याला उद्या आपल्या दारी आहेर घेऊन येणंही नको असतं, असा माझा संशय आहे. मांडवाच्या कोपऱ्यात बसून पाकिटं फोडणारा, ‘अमुक यांजकडून 101’ असं लिहिणारा माणूस पुष्कळांना कद्रू वाटतो. पण ज्या घरात कार्य निघालं की रोकड लागते आणि बँक दारात उभं करत नाही, त्या घराला भावकीने थोडं थोडं करून दिलेलं ते बिनव्याजी कर्ज असतं. फेडायची वेळ देणाऱ्याच्या घरी पुढचं लग्न निघेल तेव्हा. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये भेटीवर निबंध लिहून तीन बंधनं सांगितली: द्यायचं, घ्यायचं, परत करायचं. त्याचे दाखले पॉलिनेशियाचे, पण पत्रिकेवरची ती ओळ त्यातलं दुसरं बंधन मोडते.

गरिबाला आहेर जड जातो, असं कुणी म्हणेल. जातोच, लाउडस्पीकरवरून आकडे पुकारले की 51 देणारा मान खाली घालतो. तेव्हा पुकारणं बंद करा. त्याचे 51 नाकारून त्याला नुसतं जेवू घालणं म्हणजे त्याला कायमचा मिंधा करणं. चार घरं फिरून आलेल्या, घडीही न मोडलेल्या साडीची सगळे थट्टा करतात. मला तिची माया वाटते; नेसली कुणी नसेल, पण तिच्यामुळे चार घरांचं जाणं-येणं राहिलं.

खरी अडचण वही कुणाच्या कपाटात जाते, ही आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या 1985 च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनेच ठेवायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली वधू-वर दोघांच्या सह्या. स्टीलच्या डब्यावर ‘चि. सौ. कां.’ लिहून पुढे टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेलं असलं, की डबा कुणाचा याला पुरावा राहतो. पाकिटातले पैसे त्याच रात्री मंडपवाल्याला नि आचाऱ्याला जातात, वही सासऱ्यांकडे राहते. आणि वर्षभराने कुणाच्या लग्नात काय द्यायचं, याची आठवण ठेवायची सुनेने.