विहारातली वही आणि मोबाईलमधला खेळ



हिंगोलीकडच्या आमच्या वस्तीतल्या बायका सध्या काय करतात असे कोणी विचारले तर दोन नव्या गोष्टी सांगता येतील. कविता लिहितात आणि मोबाईलवर खेळतात. शेतातली मजुरी, हळदीचा हंगाम, धुणीभांडी, लेकरांच्या फिया हे जुने आहेच, ते कोणाला चुकले? पण या दोन नव्या गोष्टींवरून गेल्या वर्षावासात आमच्यात मोठा वाद झाला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. बाहेरगावच्या मायबहिणींनाही त्यावर काही म्हणायचे असेल, म्हणून आम्ही नऊजणी मिळून हे लिहितो आहोत.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, तसे ते सगळीकडेच चालते. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यात एक जोड दिली. वाचन संपून सरणत्तय झाले की पुरुषमंडळी उठून जातात, तेव्हा आम्ही अर्धा तास बसायचे आणि आपले काहीतरी लिहायचे. एका वहीत सगळ्यांचे. आमच्यातल्या दोघींना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि शाळेतल्या पोरी उतरवून घेतात. सुरुवातीला त्या दोघी लाजायच्या. तेव्हा एकीने वामनदादांची गोष्ट काढली. वामनदादा कर्डक शाळेत गेले नव्हते, मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले, आणि २००४ साली जाईपर्यंत महाराष्ट्रभर गावोगाव त्यांची गाणी झाली. शाळा नसली म्हणजे शब्द नसतात असे थोडेच आहे? अण्णा भाऊ साठे तरी कोणत्या कॉलेजात गेले होते! आणि १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनाला त्यांनाच बोलावले.

वहीत काय काय आहे ते सगळे सांगत बसलो तर अंक भरेल. एक सांगतो. आमच्यातली एक बाई वीस वर्षांपासून हळद काढायला आणि शिजवायला जाते. आपल्या जिल्ह्यात हळद किती पिकते ते वसमतच्या बाजारात जाणाऱ्याला ठाऊकच आहे. भट्टीच्या वाफेत उभे राहून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होतात, साबणाने निघत नाहीत. तिने लिहिले की पोरीचे हात एकदा पिवळे झाले की बाप सुटला म्हणतात, माझे तर दर फाल्गुनात होतात आणि कोणीच सुटत नाही. तिच्या शब्दांत ते याहून बरेच चांगले आहे. विहारात ती वाचत असताना तिची सासू मागे बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. सुनेचे कौतुक तिने तोंडाने अजूनही केलेले नाही.

मग आमच्या डोक्यात आले की बाहेरही जावे. आपल्या भागाला संमेलन नवीन नाही. १९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते नारायण सुर्वे, गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेले पोर. त्याच्याही आधी, १९८४ साली जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले होते. आणि छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले, त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. खेड्यातून आलेल्या कित्येक पोरांनी आपला पहिला कागद तिथे वाचला. एवढा मोठा वारसा पाठीशी असताना आम्ही का घाबरावे?

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघीजणी एका राज्यस्तरीय म्हणवणाऱ्या कवी संमेलनाला गेलो. नाव कशाला घ्यायचे. नोंदणीचे पाचशे रुपये प्रत्येकी, त्यात जेवण, फेटा, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र. सकाळी दहाला बसलो, संध्याकाळी साडेसहाला नाव पुकारले. दोन मिनिटे दिली. तोवर मंडपात उरले होते ते ज्यांचा नंबर यायचा होता तेच, म्हणजे ऐकणारा कोणीच नव्हता, सगळे आपापला कागद चाळत होते. दोन दिवसांची मजुरी देऊन आम्ही सन्मानचिन्ह आणले. ते आता टीव्हीवर आहे, पाहुणे आले की विचारतात. आम्हाला मात्र विहारातली सतरंजी बरी वाटते. तिथे फेटा नसतो, पण बाई वाचत असली की बाकीच्या ऐकतात.

आता खेळाचे. लुडो आमच्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शिरला. नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेला ‘लुडो किंग’ तेव्हा घरोघर चालू होता. म्हाताऱ्या बायकांना तो लगेच आला, कारण तो मुळात आपला पचिसीचाच पट. इंग्रजांनी तो उचलून १८९६ साली लुडो नावाने त्याचे पेटंट घेतले, एवढेच. पुण्याला वीटभट्टीवर गेलेली लेक आणि इथली आई रात्री नऊला एका पटावर बसतात. फोनवर बोलायला दोघींना सुचत नाही, सोंगटी मारताना मात्र भांडतात आणि भांडता भांडता जेवलीस का तेही विचारून होते.

पैशाच्या रमीचे वेगळे. तिने आमच्या वस्तीत दोन घरे पोखरली. एका घरी सोयाबीनचे पैसे आले त्याच रात्री गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ बंद केले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सिगालोवाद सुत्तात संपत्तीच्या नाशाची सहा कारणे सांगितली आहेत, त्यात जुगार आहेच. (त्याच यादीत नाचगाण्यांच्या जलशामागे फिरणेही आहे. म्हणजे कवी संमेलनाला जाणाऱ्या आम्हीही त्यात थोड्याफार सापडतो!)

खरा वाद झाला तो मात्र पैशाच्या खेळावरून झाला नाही. आमच्यातल्या एकीचा मुलगा अकरावीत आहे. तो लढाईचा खेळ खेळतो. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, शेवटी जो उरतो किंवा ज्यांची टोळी उरते ते जिंकतात. असे खेळ आता पुष्कळ आहेत. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाईल’ बंद केला, तरी त्याच धर्तीचे दुसरे आले. पोरानेच आम्हाला सांगितले की या सगळ्याच्या मुळाशी एक जपानी कादंबरी आहे. १९९९ साली ती निघाली, पुढल्या वर्षी तिच्यावर सिनेमा आला. सरकार शाळेतल्या एका वर्गाला बेटावर नेऊन सोडते आणि एकमेकांना मारायला लावते अशी ती गोष्ट. तो सिनेमा ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयर्लंडच्या माणसाच्या मनात बसला आणि त्यावरून त्याने खेळ रचला. हा माणूस त्याआधी सरकारी बेकारी भत्त्यावर दिवस काढत होता. त्याने स्वतःला घेतलेले टोपणनाव होते ‘अनोळखी खेळाडू’, आणि २०१७ साली खेळ निघाला तो त्याच टोपणनावाने.

तसे खेळात प्रत्येकालाच नाव घ्यावे लागते. आडनाव कोणी विचारत नाही, गाव विचारत नाही. पोरगा म्हणायचा, “मावशी, तिथं कुणालाच कुणाचं काही माहीत नसतंय.” पण याने नाव घेतले त्यात जयभीम घातला. आईने विचारले, कशाला रे? तर म्हणाला, “घरावर निळा झेंडा कशाला लावता?”

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली सोयाबीन पाण्यात गेली, आमच्याकडचीही. कामे बंद, सगळी घरी. त्या दिवसांत एका रात्री हा खेळत होता. चौघांची टोळी, चारही अनोळखी, बोलण्याचा माईक चालू. दोघांनी याचे नाव वाचले आणि हिंदीत हसायला लागले. मग तो शब्द वापरला. कोणता ते आम्ही छापायला देत नाही. आमच्या आज्याने तो गावच्या वेशीत ऐकला होता, नातवाने घरात, पांघरुणात, कानात बोंडे घालून ऐकला. चार दिवस पोरगा नीट जेवला नाही. आईला वाटले ताप आहे.

पाचव्या दिवशी तो विहारात आला आणि आमच्या वहीशेजारी दीड पान ठेवून गेला.

आश्विन पौर्णिमेला आमचा लेखन-मेळावा असतो. ते दीड पान त्यात वाचायचे का, यावर आठ दिवस खल झाला. आमचे बौद्धाचार्य दादा म्हणाले, “बुद्धांच्या मूर्तीपुढे बंदुकीच्या खेळाचं वर्णन? पहिलं शील काय घेतो आपण?” त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. आमच्यातलीही एक त्यांच्या बाजूने होती. तिचा मुलगा याच खेळापायी बारावीत राहिला. ती म्हणाली, “वाचू दिलं की पोरं म्हणणार, आपल्या आयाच बरं म्हणायलेत.” दुसरीने मुक्ता साळवेची आठवण दिली. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर, तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला. तिने धर्मालाच जाब विचारला होता, तेव्हाही कोणाला तो बरा वाटला नसेल. तर दादा म्हणाले, मुक्ताने खेळाबद्दल लिहिले नव्हते. तेही खरेच.

शेवटी ठरले की सरणत्तय झाल्यावर, सगळ्यांत शेवटी वाचावे, ज्यांना जायचे त्यांनी जावे. दादा गेले नाहीत. दाराशी उभे राहिले.

पोराने खाली मान घालून वाचले. त्याने शिवीवर फार लिहिले नव्हते. खेळात माणूस पडला की लगेच मरत नाही, रांगत राहतो, आणि सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद थांबले तर तो परत उठतो. शिवी दिल्यावर थोड्याच वेळात हा पडला. ते दोघे जवळच होते, बघत उभे राहिले, मग निघून गेले. तिसरा लांब होता. तो गोळ्या चुकवत आला आणि याला उठवले. तो तिसरा तेलुगु बोलत होता, हिंदी त्याला येत नसावी. मग त्याला ती शिवी कळली होती आणि तरी तो आला, की कळलीच नव्हती म्हणून आला? पोराने तिथेच कागद संपवला होता.

विहारात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारे बाबा, नामांतराच्या आंदोलनात जेल पाहिलेले, बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग विचारले, “ते दोघं पोरं कुठले, ते कळतंय का?” पोरगा म्हणाला, नाही कळत. बाबांनी मग सगळ्यांनाच सांगितले की असे झाले तर लगेच नोंद ठेवा, पडद्याचे चित्र घ्या, आवाज साठवा. ऑनलाईन केलेला अपमानही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो असे २०२२ साली केरळ उच्च न्यायालयाने म्हटले आहे. पुरावा मात्र आपल्यालाच जपावा लागतो.

दादांचे मत बदललेले नाही. बंदुकीचा खेळ तो बंदुकीचा खेळ, असे ते आजही म्हणतात. पण पोराला परवा त्यांनी बोलावून घेतले आणि विचारले, “आता नाव बदललंस का?” तो म्हणाला, नाही. दादा काही बोलले नाहीत, त्याला चहा पाजला. बारावीत राहिलेल्या मुलाची आई अजून आमच्यावर रागावलेली आहे. वहीत तिने त्यावर लिहिले आहे, दोन पाने, चांगली तिखट. तीही वाचली जातील.

पोरगा खेळतो अजून, रात्री दहापर्यंत. त्यानंतर मोबाईल आईच्या उशाखाली. त्याच्या बदल्यात एक काम त्याने आपणहून अंगावर घेतले आहे. आमच्यातल्या त्या दोघी, ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे बोलणे तो मोबाईलवर साठवतो आणि मग वहीत उतरवतो. शाळेतल्या पोरी शुद्ध भाषा करून टाकायच्या, हा जसे बोलल्या तसे लिहितो. त्या म्हणतात, आता वहीत आमचाच आवाज येतोय.

दर पौर्णिमेला संध्याकाळी साडेसातला वाचन असते, त्यानंतर वही. औंढा, कळमनुरी, सेनगाव, वसमत, कुठूनही हिंगोलीला बाजारहाटाला आलात तर थांबा. नोंदणी फी नाही. जेवण ज्याच्या त्याच्या डब्याचे, भाजी आमच्याकडून. लिहिता येत नसले तरी या, लिहून घ्यायला पोरगा आहे.