अळणी पाव, नवं तेल

"पैसे देऊन लोकांची झाडं झोडपलीस?" आजीने फोनवर विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे इटलीला गेले होते. तिने तोस्काना भागात एक 'आग्रितुरिझ्मो' बुक केलेलं. म्हणजे शेतकऱ्याच्याच घरी सुट्टी. १९८५ च्या कायद्यापासूनच तिथे शेती मुख्य आणि पाहुणे जोडधंदा! त्यामुळे मालकीणबाईंना आमच्यापेक्षा ऑलिव्हची काळजी जास्त. सप्टेंबरची द्राक्षं उरकलेली, पोहण्याचा तलाव झाकून ठेवलेला. आम्हीही हौसेने कामाला लागलो. झाडाखाली जाळी पसरायची, लांब दांड्याच्या फणीने फांद्या विंचरायच्या, आणि फळं तापायच्या आत घाण्यावर पोचवायची.

रात्री चुलीवर भाजलेला पाव, त्यावर लसूण घासून हिरवंगार नवं तेल. पहिल्याच घासाला असा ठसका लागला! बाई खूश. ठसका म्हणजे तेल ताजं. पाव मात्र अळणी, तिथली रीतच ती. आत्या कुरकुरली, मला आजीची भाकरी आठवली. तीही अळणीच की.

पण आजोबांच्या भुईमुगाच्या काढणीला मी एकदाही गेले नाही. दरवर्षी सबमिशन! (हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.) आता आजोबांना वाकवत नाही, म्हणून शेत वाट्याने दिलंय.

हे सगळं आजीला कसं सांगू? मी गप्पच.

"बरं," तीच म्हणाली, "वाट्याच्या शेंगा आल्यात. फोडायला तरी ये."