बिदरची वाट आणि मराठीतला तुर्क

कल्याण-नगर रस्त्यावर मुरबाड, टोकावडे मागे पडले की वैशाखरे येते. येथे सह्याद्रीची भिंत एकदम जवळ येऊन उभी राहते. याच परिसरातून नाणेघाटाची जुनी वाट वर चढते आणि पलीकडे जुन्नरकडे जाते. या वाटेचे नाव काढताच मराठी अभ्यासकाला जे आठवते ते ठरलेले आहे. सातवाहन, नागनिका, ब्राह्मी लेख, जकातीचा दगडी रांजण. त्यानंतरची आठवण एकदम शिवनेरीवर जाऊन थांबते. मधली शतके जणू या घाटाने चढलीच नाहीत. वस्तुतः पंधराव्या शतकात जुन्नर हे बहमनी सत्तेचे पश्चिमेकडील महत्त्वाचे ठाणे होते आणि कोकणातून घाट चढून आलेल्या घोड्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि शिपायांचा पुढचा मुक्काम होता बिदर. मराठी मुलखापासून फार दूर नसलेली, परंतु मराठी साहित्यविचाराने कायम दूरच ठेवलेली ही राजधानी.

मराठी संतसाहित्याच्या वाचकाला मात्र हे नगर अपरिचित नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीची कथा बिदरच्या दरबाराशिवाय उभीच राहत नाही. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) विठोबा महाराचे रूप घेऊन बादशहापुढे जातो, धान्याचे पैसे भरतो आणि रसीद घेतो. या कथेचे भक्तिपर विवरण पुष्कळ झाले आहे; पण देवालादेखील दप्तराची रीत पाळावी लागते, ती रसीद पुढे दामाजीला पोथीत सापडते, या तपशिलातले राजकारण क्वचितच कोणी वाचले असेल. बिदर येथे स्थळ म्हणून येत नाही, कचेरी म्हणून येते. त्या कचेरीत बसलेली माणसे कोण होती, कोणती भाषा बोलत होती, हा प्रश्न कथेला पडत नाही आणि समीक्षेलाही पडलेला नाही.

याचे एक कारण 'तुर्क' या शब्दातच आहे. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात तुर्क म्हणजे मुसलमान. वंश, भाषा, देश यांचा तेथे संबंध नाही. मराठीने हा शब्द इतक्या लवकर आणि इतक्या सरसकट धर्मवाचक केला, की खरोखरीचा तुर्क दाखवण्यासाठी तिच्याजवळ शब्दच उरला नाही. (तोरडमलांच्या नाटकाच्या नावातला 'तरुण तुर्क' हा तर इस्तंबूलहून इंग्रजीच्या मार्गाने आलेला पाहुणा, त्याचा बिदरशी काही संबंध नाही.) एखादा शब्द वाजवीपेक्षा अधिक व्यापक झाला की तो आपला मूळ विषय झाकून टाकतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

बिदरमध्ये मात्र तो विषय दगडात आणि काचकामाच्या फरश्यांत उघडा आहे. अहमदशहा वली याने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली. किल्ल्यातील तख्त महालाच्या कमानीच्या कोपऱ्यांवर वाघ आणि त्याच्या पाठीवर उगवता सूर्य आहे. समरकंदच्या शेरदार मदरशावरही वाघ आणि सूर्य आहेत; पण ती इमारत सतराव्या शतकातली, म्हणजे बिदरच्या मागाहून सुमारे दोनशे वर्षांनी बांधलेली. तेव्हा एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असा सोपा निष्कर्ष येथे चालत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच दूरच्या प्रतिमासृष्टीचे दोन उद्गार ऐकू येतात, एवढेच म्हणणे सुरक्षित. महमूद गवानाचा मदरसा (१४७२) याच परंपरेतला. चौकाच्या चार बाजूंना उंच कमानी, तीन मजले, दर्शनी भागावर निळ्या-पिवळ्या फरश्यांचे लेखन. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला आणि दोहोंपैकी एकच मनोरा उभा राहिला. स्वतः गवान गिलानचा, म्हणजे इराणी, तुर्क नव्हे. पण त्याची पत्रे ऑटोमन सुलतान दुसरा महंमद याच्यापर्यंत जात होती. बिदरच्या दरबारातले 'आफाकी', म्हणजे बाहेरून आलेले, हे इराणी, तुर्क, अरब अशा अनेकांचे मिश्रण होते आणि 'दखनी' सरदारांशी त्यांचे वैर अखेर १४८१ मध्ये गवानाच्या प्राणावर बेतले.

त्यानंतर बिदर ज्या घराण्याच्या हाती गेले ते बरीदशाही घराणे मात्र तुर्की मूळाचे. फिरिश्ता सांगतो की, कासिम बरीद हा गुलाम म्हणून विकला गेलेला तुर्क. हस्ताक्षर सुंदर, वाद्ये वाजवण्यात निपुण. पैठण ते चाकण या टापूतल्या मराठ्यांचे बंड त्याने मोडले, साबाजी नावाच्या त्यांच्या नायकाला मारले आणि त्याच साबाजीची मुलगी आपल्या मुलाला, अमीर बरीदला, करून घेतली. तिच्या नात्यातली चारशे माणसे त्याच्या चाकरीत शिरली. मराठी सून आलेल्या या तुर्क घरात कोणत्या भाषा बोलल्या जात असतील? फिरिश्ता ते सांगत नाही. इतिहासकाराला येथे थांबावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र येथे थांबू नये. त्याच्याजवळ दुसरे एक साधन आहे, ते म्हणजे खुद्द मराठीचा शब्दसंग्रह.

व्याकरणाच्या पुस्तकांत परभाषीय शब्दांचे रकाने करताना फारसी आणि अरबी यांना स्वतंत्र जागा मिळते. तुर्की बहुधा फारसीच्या पोटात जाते. त्याला आधार आहे. हे शब्द मराठीने घेतले ते फारसीकडून. मराठीपुरते ते फारसीच, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदी फोल नाही. पण आलेल्या वाटेचे नाव आणि मूळ गावाचे नाव एक नव्हे. 'तोफ', 'कुमक', 'चकमक', 'एल्गार' हे शब्द मुळात तुर्की आहेत आणि ते एकत्र ठेवले की त्यांची जात कळते. हे सगळे छावणीतले शब्द आहेत. 'चकमक' म्हणजे मुळात ठिणगी पाडणारी गारगोटी. मराठीने तिच्यातून किरकोळ लढाईचा अर्थ काढला आणि तो आज मूळ अर्थाहून अधिक चालतो. उलट 'दप्तर', 'कागद', 'फडणीस', 'चिटणीस' ही दिवाणखान्याची मिरास फारसीतून आलेली. म्हणजे दरबाराची लेखणी फारसी आणि तळावरची हाक तुर्की, ही बिदरसारख्या राजधानीची भाषिक विभागणी मराठी कोशात आजही शाबूत आहे. फक्त तिला कोणी नाव दिलेले नाही.

या संदर्भात '-ची' हा प्रत्यय विशेष पाहण्यासारखा आहे. तोपची, मशालची, नगारची. फारसी '-नवीस' लिहिणाऱ्याला लागतो. तुर्की '-ची' वाहणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, राबणाऱ्याला. मशाल अरबी, प्रत्यय तुर्की आणि माणूस बहुधा मावळातला. मराठी कानाला हा '-ची' आपल्याच षष्ठीसारखा वाटतो, म्हणून तो परका म्हणून कधी ओळखलाच गेला नाही. 'राज्यव्यवहारकोशा'ने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, माधव जूलियन यांनी 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) सिद्ध करून या ऋणाचा हिशेबही मांडला. पण या सर्व खटाटोपात भांडण मुख्यतः शब्दांशी होते. प्रत्यय चौकीवरून चोरवाटेने निघून गेला. आणि सुरेश भटांनी १९८३ मध्ये आपल्या संग्रहाला 'एल्गार' हे नाव दिले तेव्हा ते कोणालाही तुर्की वाटले नाही. वाटायचे कारणही नव्हते. देशीवादाच्या चर्चेत 'देशी' म्हणजे काय हे ठरवताना असे शब्द कोठे ठेवायचे, हे मात्र एकदा स्पष्ट व्हायला हवे. जन्माने परके आणि वहिवाटीने इतके घरचे, की त्यांना हुसकावले तर घरच उघडे पडेल.

जुन्नरहून बिदरला गेलेल्या एका प्रवाशाकडे आता वळावे. त्वेर येथील रशियन व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तो नाणेघाटानेच आला असे म्हणण्यास आधार नाही. जुन्नरला त्याला पावसाने अडकवले. सर्वत्र चिखल आणि पाणी, याची त्याने नोंद केली आहे. तेथील असदखानाने घोडा हिसकावला आणि धर्म बदलला तर घोडा व हजार मोहरा देऊ असे सांगितले. खोरासानच्या एका खोजाने मध्यस्थी केली म्हणून दोन्ही संकटे टळली. पुढे बिदरमध्ये त्याने पाहिले की, सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि रानावरची माणसे दरिद्री आहेत. त्याच्या नावाचे स्मारक आज रेवदंड्याला आहे. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी सहदिग्दर्शित केलेला 'परदेसी' हा चित्रपटही निघाला.

पण स्मारकात आणि चित्रपटात न आलेली गोष्ट त्याच्या गद्यात आहे. निकितिनची रशियन मध्येच सुटते आणि तो तुर्की, फारसी, अरबी यांच्या मिश्रणात लिहू लागतो. खाजगी गोष्टी तो या मिश्र भाषेत लिहितो, प्रार्थना तिच्यात करतो. देवाला त्याच्या लेखी चार नावे आहेत, स्लाव्ह, अरबी, फारसी आणि तुर्की. आपल्या देशासारखा देश जगात नाही, पण तेथले सरदार न्यायी नाहीत, हे वाक्य त्याने रशियनमध्ये लिहिले नाही, तुर्कीत लिहिले. स्वतःच्या भाषेत जे धोक्याचे, ते बाजारात शिकलेल्या परक्या बोलीत सांगता येते. बिदरच्या वाटेवर त्या बोलीचे हे काम होते.

रशियन संपादक हे परिच्छेद भाषांतरित करून मूळ मजकुराच्या बरोबरीने सपाट करतात. इंग्रजी अनुवादही तेच करतात. मराठी अनुवादकापुढचा पेच निराळा असेल. 'खुदा', 'दुनिया', 'खान', 'बाजार' यांचे भाषांतर त्याला करावे लागणार नाही, ते जसेच्या तसे मराठीत आहेत. मग निकितिनची लपवाछपवी मराठीत लपणार कशी? जी भाषा त्याला आडोसा होती ती मराठी वाचकाला अर्धी ऐकून माहीत आहे. देवाचे 'तंग्री' हे तुर्की नाव तेवढे अनोळखी राहील आणि तळटीप फक्त त्यालाच द्यावी लागेल.